मोजदाद आणि माणसे : बेळगाव–निपाणी सीमाभागातील साथींच्या नोंदींचा इतिहास

बेळगाव जिल्ह्यातील रोगराईची लेखी आकडेवारी सुमारे दीडशे वर्षांची आहे. १८७२ ची पहिली खानेसुमारी आणि गावोगाव ठेवली जाणारी जन्ममृत्यूची नोंदवही हे तिचे दोन मूळ आधार. दुष्काळ, प्लेग, देवी, मानमोडी, एचआयव्ही आणि कोविड या सगळ्यांच्या खुणा तिच्यात सापडतात. सह्याद्रीचा घाटमाथा आणि दख्खनचे पठार जिथे एकमेकांना मिळतात, मराठी आणि कन्नड जिथे एकाच गल्लीत कानावर पडतात, असा हा मुलूख आहे. बेळगावातून रेल्वे जाते, निपाणीतून पुणे–बंगळूर रस्ता जातो. माल आणि माणसे ज्या वाटांनी आली, त्याच वाटांनी साथीही आल्या. त्यांना तोंड देताना आकडे कसे गोळा झाले, कुठे उपयोगी पडले आणि कुठे फसले, हा या इतिहासाचा विषय आहे. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मोजणारा दारात आला की घरच्यांना त्याची भीती वाटते की आधार वाटतो, यावर आकड्याचा खरेपणा ठरतो.

कुळकर्ण्याचे दप्तर

बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते आणि इलाख्यात जन्ममृत्यूची नोंद गावकामगारांकडे होती. मृत्यूची खबर पाटलाकडे जाई आणि लिहिण्याचे काम कुळकर्णी करी. जमीन आणि साऱ्याच्या दप्तरात ही आणखी एक वही आली. गावचे आकडे तालुक्याच्या कचेरीत, तिथून जिल्ह्याला आणि शेवटी इलाख्याच्या सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालात पोहोचत. मृत्यूचे कारण डॉक्टरने तपासून लिहिलेले नसे. पटकी, देवी आणि पुढे प्लेग हे रोग लक्षणांवरून गावालाच ओळखता येत. बाकी बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एकाच रकान्यात पडत. हिवताप, विषमज्वर, क्षय, बाळंतज्वर असे कितीतरी वेगवेगळे रोग त्या एका शब्दाखाली झाकले गेले. तरीही या वहीचे मोल मोठे होते, कारण कोणत्या महिन्यात नेहमीपेक्षा जास्त माणसे दगावली हे तिच्यावरून कळत असे.

दहा वर्षांची खानेसुमारी हा दुसरा आधार. १८७२ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ९,३८,७५० होती. १८८१ मध्ये ती ८,६४,०१४ भरली. मधल्या काळात १८७६–७८ चा भीषण दुष्काळ होऊन गेला होता. नऊ वर्षांत जिल्ह्यातून सुमारे ७५ हजार माणसे कमी झाली, म्हणजे दर शंभरांतली आठ. त्या काळात जन्मलेली मुले आणि परगावी गेलेली कुटुंबे हिशेबात धरली तर चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. तरी दुष्काळाने काय केले हे एका ओळीत सांगणारा पुरावा हाच ठरला. १८९१ पर्यंत लोकसंख्या १०,१३,२६१ वर गेली.

या आकड्यांना आरंभापासून एक मर्यादा होती. ब्रिटिश अमलाखालच्या बेळगाव जिल्ह्याला कोल्हापूर, सांगली, कुरुंदवाड अशा संस्थानांची गावे जागोजाग लागून होती. निपाणी ज्या चिकोडी तालुक्यात होती, त्याच्या शिवेपलीकडे कोल्हापूर संस्थानाची आणि कागल जहागिरीची हद्द सुरू होई. आठवड्याच्या बाजाराला दोन्हीकडची माणसे एकत्र येत. त्यांच्या मृत्यूंची नोंद मात्र दोन वेगळ्या दप्तरांत होई. सीमेमुळे आकडे तुटण्याचा प्रश्न १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नव्याने उभा राहिला, पण तो त्याच्याही आधीचा आहे.

प्लेग : लपवलेले मृत्यू आणि मोजलेली लस

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. दक्षिण मराठा रेल्वेने बेळगाव आधीच्या दशकातच पुणे आणि धारवाडशी जोडले गेले होते. १८९७–९८ मध्ये साथ बेळगाव, धारवाड, हुबळी या पट्ट्यात येऊन पोहोचली. लोक तिला गाठीचा ताप म्हणत.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. घरझडती, रुग्णांना छावणीत हलवणे, घरातले सामान जाळणे किंवा धुऊन काढणे, रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना अडवून तपासणे, प्रेतांची तपासणी हे सगळे अधिकार सरकारच्या हाती आले. रुग्ण सापडला की त्याची माणसे त्याच्यापासून तोडली जात. म्हणून इलाखाभर लोकांनी रुग्ण लपवले, मृत्यू लपवले, गावे सोडून नातेवाइकांकडे आसरा घेतला. पुण्यातील सक्तीची परिणती २२ जून १८९७ रोजी तिथला प्लेग अधिकारी रँड याच्यावरील गोळीबारात झाली. नोंदवहीच्या दृष्टीने या सक्तीचा परिणाम साधा होता : साथ जिथे सर्वांत जोरात होती, तिथेच नोंदी सर्वांत अविश्वसनीय झाल्या. पळून गेलेल्या कुटुंबाबरोबर रोग पुढच्या गावी गेला आणि आकडा कुठेच उमटला नाही.

गावांनी मात्र स्वतःची एक खूण ओळखली होती. घरात उंदीर मरून पडू लागले की थोड्याच दिवसांत माणसांना गाठी येतात. त्यामुळे ‘उंदीर पडले’ ही बातमी ऐकताच घर सोडून माळावर झोपड्या बांधायच्या, ही रीत रुजली. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने कराचीत उंदरावरची पिसू रोग पोहोचवते हे दाखवले, आणि १९०५ नंतर मुंबईतील प्लेग संशोधनाने मेलेल्या उंदरांची पद्धतशीर मोजणी करून ते पक्के केले. माळावर राहायला जाणे हा उपाय पुढे सरकारनेही उचलून धरला. लोकांचे निरीक्षण आणि प्रयोगशाळेची मोजणी इथे एकाच निष्कर्षाला आली.

मासिक नोंदींतून आणखी एक नियम पुढे आला. मुंबई शहरात प्लेगचा जोर फेब्रुवारी ते एप्रिल असे. दख्खन आणि कर्नाटकाच्या पठारावर तो पावसाळ्याच्या उत्तरार्धात, ऑगस्टपासून पुढे चढे आणि कोरड्या उन्हाळ्यात ओसरे. हवेतील उष्णता आणि ओलावा पिसवांना मानवतो की नाही, यावर हा फरक अवलंबून होता. बेळगावसारख्या ठिकाणी पावसाळा सरताना तयारी हवी, उन्हाळ्यात नव्हे, हे या आकड्यांनी सांगितले.

याच काळात लस आली. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर तिची परीक्षा घेतली. बेळगावच्या लष्करी छावणीतही ती टोचली गेली. सर्वांत मोठी मोहीम मात्र शेजारच्या हुबळीत झाली. १८९८ च्या मे ते सप्टेंबर या काळात डॉ. ल्यूमन यांच्या देखरेखीखाली सुमारे ४७ हजार वस्तीच्या या गावात ३८ हजारांच्या आसपास लोकांना लस दिली गेली. टोचलेले किती, न टोचलेले किती आणि दोन्ही गटांत मृत्यू किती, याचा तक्ता दर आठवड्याला तयार होत असे. टोचलेल्यांत मृत्यूचे प्रमाण फारच कमी दिसले.

तरीही हा तक्ता निर्विवाद नव्हता. टोचलेल्यांची संख्या दर आठवड्याला वाढत होती, न टोचलेल्यांची घटत होती. गाव सोडून गेलेला माणूस कोणत्या गटात मोजला, हे कळत नव्हते. जे लस घ्यायला पुढे आले ते आधीच अधिक सावध, अधिक खाऊनपिऊन सुखी असतील, ही शंकाही होती. टी. आर. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग आयोगाने १८९८–९९ मध्ये ही सगळी आकडेवारी तपासली. लसीने रोग आणि मृत्यू कमी होतात, हे आयोगाने मान्य केले, पण संरक्षण पूर्ण नाही असेही नोंदवले. अशा शंकांना उत्तर देणारा एक छोटा प्रयोग हाफकिन यांनी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंधेरा गावी केला होता. तिथे प्रत्येक घरातील साधारण अर्ध्या माणसांना लस टोचली आणि अर्ध्यांना नाही. पुढे प्लेग शिरलेल्या २८ घरांतील ७१ टोचलेल्यांपैकी ८ जण आजारी पडून ३ दगावले. ६४ न टोचलेल्यांपैकी २७ आजारी पडून २६ दगावले. घर तेच, उंदीर तेच, अन्न तेच. त्यामुळे फरक लसीचाच असणार, हे कुणालाही पटण्यासारखे होते. समान परिस्थितीतील माणसांचीच तुलना करायची, हे तत्त्व पुढे शंभर वर्षांनी बेळगाव जिल्ह्यातच वेगळ्या कामी आले.

१९०१ च्या खानेसुमारीत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ९,९३,९७६ भरली. दहा वर्षांपूर्वीपेक्षा ती जवळजवळ दोन टक्क्यांनी कमी होती. मधल्या दशकात प्लेग होता आणि शेवटी १८९९–१९०० चा दुष्काळही. गावच्या वहीत लपून राहिलेले मृत्यू या मोठ्या मोजणीत घट म्हणून दिसले.

मानमोडी : लिहिणाराच आजारी

१९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ मराठीत मानमोडी या नावाने ओळखली गेली. जूनमध्ये मुंबईत पहिली लाट आली, ती सौम्य होती. सप्टेंबर–ऑक्टोबरमधली दुसरी लाट खेडोपाडी पसरली आणि तरण्याताठ्या माणसांना घेऊन गेली. मुंबई इलाख्यातच दहा लाखांहून अधिक माणसे दगावली.

या साथीने नोंदीची पद्धतच कोलमडवली. प्लेगमध्ये लोकांनी मृत्यू लपवले होते. मानमोडीत ते लिहायलाच कुणी उरले नाही. पाटील अंथरुणाला, कुळकर्णी अंथरुणाला, आणि स्मशानात नेणारी माणसे अपुरी. बहुतेक मृत्यू पुन्हा त्या जुन्या ‘ताप’ रकान्यात गेले. भारत सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांच्या प्राथमिक अहवालात देशातील मृत्यूंचा अंदाज सुमारे ६० लाख होता. १९२१ ची जनगणना हाती आल्यावर तो किती अपुरा होता हे उघड झाले. देशाची एकूण लोकसंख्या एका दशकात घटल्याचे विसाव्या शतकातील ते एकमेव उदाहरण आहे. पुढे किंग्सली डेव्हिस यांनी १ कोटी ८५ लाख आणि आय. डी. मिल्स यांनी १ कोटी ७० ते ८० लाख असे अंदाज मांडले. साथीच्या काळातला आकडा हा पहिला मसुदा असतो आणि जनगणना तो दुरुस्त करते, हे या अनुभवाने शिकवले.

देवी डॉक्टर आणि व्हॅक्सिन डेपो

देवीच्या रोगावरची लस मुंबईत जून १८०२ मध्ये आली, पण ती गावोगाव पोहोचायला शतक लागले. ती टोचणाऱ्या सरकारी माणसाला लोक ‘देवी डॉक्टर’ म्हणत. मुलाचे नाव, वय, टोचल्याची तारीख त्याच्या वहीत असे. आठवड्याने परत येऊन टोचलेली जागा पाहायची आणि लस ‘उठली’ की नाही ते लिहायचे, हा कामाचा दुसरा भाग होता. लस उठली की दंडावर वण राही. कागद हरवला तरी वण राहतो, म्हणून पुढच्या काळात वण पाहून लसीकरणाची खातरजमा करणे हीच सर्वांत खात्रीची पद्धत ठरली.

या कामात बेळगावचे स्थान विशेष होते. विसाव्या शतकाच्या आरंभी इथे मुंबई इलाख्याची देवीच्या लसीची संस्था उभी राहिली. लस वासरांच्या अंगावर वाढवून काढली जाई आणि उष्णतेने ती लवकर बिघडे. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवरचे बेळगावचे थंड हवामान या कामाला सोयीचे होते. टिळकवाडीतील तिच्या विस्तीर्ण आवाराला बेळगावकर आजही ‘व्हॅक्सिन डेपो’ म्हणतात.

१९६२ मध्ये देशाने राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू केला. उद्दिष्ट टोचण्यांच्या संख्येचे होते आणि कागदावर ती संख्या प्रचंड होती. तरी देवी हटली नाही. हाताशी सापडणाऱ्या शाळकरी मुलांना पुन्हा पुन्हा टोचले जात होते. तान्ही बाळे, भटकी कुटुंबे, परगावी कामाला जाणारे मजूर वगळले जात होते. एकूण टोचण्या आणि प्रत्यक्ष सुरक्षित माणसे यांतला फरक आकड्यात दिसत नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९६७ नंतरच्या मोहिमेत मोजायची गोष्टच बदलली. टोचण्या मोजण्याऐवजी रुग्ण शोधायचे, प्रत्येक रुग्णाभोवतीच्या घरांना लस द्यायची आणि त्याला रोग कुठून आला याचा माग काढायचा. १९७३ च्या शरद ऋतूपासून उत्तरेतील राज्यांत घरोघर शोधाचे आठवडे पाळले गेले. रुग्णाची खबर देणाऱ्याला बक्षीस जाहीर झाले आणि रुग्ण कमी होत गेले तशी बक्षिसाची रक्कम वाढवत नेली. प्लेगच्या काळात खबर देणाऱ्याच्या घराला शिक्षा होती. इथे खबरीला मोल आले. शोध नीट सुरू झाल्यावर १९७४ मध्ये देशात १ लाख ८८ हजार रुग्णांची नोंद झाली. आकडा वाढला तो रोग वाढल्यामुळे जसा, तसाच लपलेले रुग्ण दिसू लागल्यामुळे. त्यानंतर तो झपाट्याने खाली आला. मे १९७५ मध्ये देशातला शेवटचा रुग्ण सापडला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त ठरला.

या मोहिमेसाठी देशात गोठवून वाळवलेली, उन्हातही टिकणारी लस तयार करणाऱ्या चार संस्था होत्या : चेन्नईतील गिंडी, हैदराबाद, उत्तरेतील पटवाडांगर आणि बेळगाव. १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली आणि या लसीची गरज संपली.

१९५६ नंतर : एक पट्टा, वेगळी दप्तरे

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर (पुढचे कर्नाटक) राज्यात गेला. चंदगड तालुका त्यातून वगळून कोल्हापूरला जोडला. यातून उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र–म्हैसूर सीमावादात जनगणनेतील भाषेचे आकडे कळीचे ठरले. महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राकडे आणि २४७ गावे म्हैसूरकडे द्यावीत अशी शिफारस केली, ती अमलात आली नाही. भाषेच्या आकड्यांवर इतका वाद झाला, पण त्याच माणसांच्या आरोग्याच्या आकड्यांची फाळणी झाली याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

नोंदीचे यंत्रही बदलले. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यात कुळकर्णी वतने गेली. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याने देशभर एकच चौकट आली, पण अंमलबजावणी राज्याची राहिली. कर्नाटकाच्या खेड्यांत हे काम ग्रामलेखापालाकडे आले आणि दप्तर कन्नडमध्ये झाले. निपाणीचा रुग्ण उपचारासाठी कोल्हापूरला जातो, चंदगडचा बेळगावला येतो. जिथे माणूस मरण पावतो तिथे मृत्यू नोंदला जातो, त्यामुळे गावचा मृत्यू दुसऱ्या राज्याच्या वहीत चढतो.

तीन राज्यांच्या तिठ्यावर हा प्रश्न २०१६ मध्ये ठळकपणे समोर आला. क्यासनूर वनज्वर हा गोचिडांमधून पसरणारा रोग १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेला. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात दिसला. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यात आजारी पडलेल्यांत सत्तरीतील काजूच्या बागांत कामाला जाऊन परतलेले मजूर होते. कामाचे गाव गोव्यात, घर कर्नाटकात. तिन्हीकडची माहिती एकत्र ठेवल्यावरच रोगाची वाट जुळली.

एचआयव्हीच्या बाबतीत गोष्ट वेगळी होती. उत्तर कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्र यांचा हा पट्टा देशातील जास्त लागण असलेल्या भागांपैकी होता. २००५–०६ मधील पाहणीत बेळगाव जिल्ह्यातील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे एक तृतीयांश जणींना लागण आढळली. अशी पाहणी नाव न विचारता, संमतीने केली जाते. ज्यांच्याविषयी माहिती हवी त्याच स्त्रिया शोध आणि समुपदेशनाच्या कामात सहभागी झाल्या. ज्यांना समाज बाजूला टाकतो, त्यांची मोजणी त्यांच्या विश्वासाशिवाय होत नाही, हे या कामाने दाखवले.

बाळंतपणाची मोजदाद : बेळगावातून जगाकडे

साथ नसतानाही मृत्यूंची एक संथ साथ चालूच असते; बाळंतपणात आई आणि बाळ दगावणे ही तशीच. तिच्यावरचे बेळगावचे काम जगाच्या आरोग्यधोरणात पोहोचले आहे. १९६३ मध्ये सुरू झालेल्या केएलई संस्थेच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने खेड्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांना सोबत घेऊन हे संशोधन उभे केले.

बाळंतपणानंतर अति रक्तस्राव होणे हे जगभर मातामृत्यूचे मोठे कारण आहे. ५०० मिलिलिटर रक्त गेले की धोका मानतात, पण रक्त किती गेले हे नजरेच्या अंदाजाने ठरवले जाई. बेळगावात मापाच्या रेषा असलेली प्लॅस्टिकची पिशवी वापरून पाहिल्यावर दिसले की नजरेचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी पडतो. धोक्यात असलेल्या बायका नोंदीत ‘ठीक’ म्हणून जात होत्या. मोजण्याचे साधन आधी, उपाय नंतर, हा क्रम इथे महत्त्वाचा ठरला.

मग उपायाची परीक्षा झाली. २००२ ते २००५ या काळात जिल्ह्यातील खेड्यांत घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० स्त्रियांना, चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडीने, मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या किंवा तशाच दिसणाऱ्या औषधाविना गोळ्या देण्यात आल्या. गोळ्या देणाऱ्या आणि रक्त मोजणाऱ्या होत्या गावात काम करणाऱ्या परिचारिका सुईणी. अति रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे निष्कर्ष छापून आले. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी मिसोप्रोस्टॉलला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. रेषांच्या पिशवीचे तत्त्वही दूर गेले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातील ८० रुग्णालयांत तशा पिशवीसह ठरावीक उपचारांची जोड दिल्यावर गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२३ मध्ये सिद्ध झाले.

२००८ च्या सुमारास जिल्ह्यातील निवडक भागांत माता–नवजात नोंदवही सुरू झाली. गावातील प्रत्येक गर्भार स्त्रीची नोंद करायची आणि बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आई आणि बाळ दोघांची चौकशी करायची, असे तिचे काम. अशीच नोंद नागपूर भागात आणि पाकिस्तान, केनिया, झांबिया, ग्वाटेमाला, काँगो या देशांतही एकाच पद्धतीने ठेवली गेली, त्यामुळे तुलना शक्य झाली. या जाळ्यातील अभ्यासांत २०२० मध्ये कमी मात्रेच्या ॲस्पिरिनने अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे थोडी कमी होतात असे दिसले. ११,९७६ स्त्रियांच्या त्या अभ्यासात बेळगाव आणि नागपूर ही भारतातील दोन केंद्रे होती.

अपेक्षेच्या उलट निघालेला आकडाही इथे दडपला गेला नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची फुप्फुसे पक्की व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याची पद्धत श्रीमंत देशांत उपकारक ठरली होती. बेळगाव धरून सहा देशांतील केंद्रांत झालेल्या, सुमारे एक लाख बाळंतपणांच्या अभ्यासात ती खेड्यापाड्यांत सरसकट पसरवल्यावर नवजात मृत्यू एकंदरीत वाढल्याचे २०१५ मध्ये आढळले. म्हणून औषध सोडून दिले गेले नाही. ते कुठे आणि कुणाला द्यावे हे नव्याने तपासले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील अभ्यासात, गर्भाचे दिवस नेमके मोजून आणि नवजात बालकांची नीट सोय असलेल्या रुग्णालयांत हेच औषध दिल्यावर मृत्यू कमी झाले. या अभ्यासातही बेळगावचा सहभाग होता.

कोविड : नाका आणि नोंद

कोविडच्या वेळी बेळगावजवळ आकडा तयार करण्याची साधने आधीपासून होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था बेळगावात आहे. २०२० च्या एप्रिलपासून तिथे नमुन्यांची तपासणी होऊ लागली. त्याच वर्षी कोव्हॅक्सिन लसीच्या पहिल्या मानवी चाचण्यांसाठी निवडलेल्या देशातील १२ रुग्णालयांत बेळगावचे एक रुग्णालय होते. आशा कार्यकर्त्या आणि अंगणवाडी सेविका घरोघर जाऊन ताप, खोकला आणि परगावाहून आलेल्यांची चौकशी करत होत्या. जुन्या कुळकर्ण्याच्या वहीचे काम आता त्यांच्या हाती आले होते.

सुरुवातीच्या महिन्यांत कर्नाटकाच्या रोजच्या पत्रकात प्रत्येक रुग्णाला ‘पी’ अक्षरापुढे क्रमांक असे आणि लागण कुठून झाली तेही लिहिले जाई. मे–जून २०२० मध्ये त्यात ‘महाराष्ट्रातून परतलेले’ ही नोंद वारंवार दिसू लागली. मुंबई–पुण्यात काम करणाऱ्या सीमाभागातील कुटुंबांच्या परतीचा तो माग होता. त्या नोंदीने साथीची वाट दाखवली, पण परतणाऱ्यांकडे संशयाने पाहण्याची सवयही लावली. रुग्णसंख्या वाढली तेव्हा प्रत्येकाचा माग काढणे अशक्य झाले आणि पत्रकात केवळ बेरजा उरल्या.

निपाणीजवळचा कोगनोळी टोल नाका या काळात सीमेचे रूप झाला. २०२१ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातून येणाऱ्यांना आरटीपीसीआर तपासणीचा नकारात्मक दाखला सक्तीचा झाला. ऑगस्टमध्ये ७२ तासांच्या आतील दाखला लस घेतलेल्यांकडूनही मागितला गेला. रोज कागलला कामाला जाणाऱ्याला, कोल्हापूरच्या दवाखान्यात जाणाऱ्याला, अलीकडे माहेर आणि पलीकडे सासर असलेल्या बाईला एक कागद जगण्याची वाट अडवणारा ठरला. १८९७ मधील रेल्वे स्थानकावरच्या तपासणीशी त्याचे नाते उघड आहे. लसीकरणाची नोंद १६ जानेवारी २०२१ पासून कोविन प्रणालीवर होऊ लागली, पण लस जिथे घेतली तिथल्या जिल्ह्याच्या खात्यात ती जमा होई. त्यामुळे सीमेवरच्या गावात किती जण सुरक्षित झाले हे एका जिल्ह्याच्या टक्केवारीतून कळत नव्हते.

मृत्यूंच्या आकड्यांवरून मतभेद झाले. २०२१ अखेर देशात कोविडचे सुमारे ४ लाख ८१ हजार मृत्यू सरकारी नोंदीत होते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख मृत्यू जास्त झाल्याचा अंदाज दिला. भारत सरकारने त्याची पद्धत अमान्य केली. अशा वेळी १९२१ प्रमाणे जनगणना निवाडा करते. पण २०२१ ची जनगणना झालीच नाही. १८८१ पासून दर दहा वर्षांनी अखंड चाललेली मालिका प्रथमच तुटली. पुढची मोजणी १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून होणार आहे. बेळगाव जिल्ह्याचा शेवटचा जनगणनेतील आकडा २०११ चा आहे : ४७,७९,६६१.

हा आकडा आणि गावोगावच्या मृत्यूनोंदी यांच्यामधल्या काळाचा हिशेब त्या मोजणीनंतर मांडता येईल. निपाणीच्या गल्लीत, खानापूरच्या रानातल्या वाडीवर, चंदगडच्या खेड्यात तेव्हा पुन्हा कुणीतरी वही किंवा यंत्र हाती घेऊन दार वाजवेल. दीडशे वर्षांच्या नोंदी सांगतात की त्या दारात मिळालेले उत्तर खरे असेल, तरच पुढच्या साथीच्या वेळी त्या आकड्यावर भिस्त ठेवता येईल.